एकही कोना सोडत नाही

चिमुरात डिंपलनं घरसफाईचा स्वतःचा धंदा सुरू केला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली, 'एकही कोना सोडत नाही.' दिवाळीच्या तोंडावर पहिलंच काम मोठ्या घरचं मिळालं. पंखे, सज्जे, संडास, सगळं घासून झालं. शेवटी देवघरातलं जाळं काढायला तिनं झाडू उचलला, तशा घरच्या काकू पुढं आल्या.

"आडनाव काय म्हटलं तुमचं?"

"रामटेके."

"मंग देवघर राहू द्या बाई. ते आम्ही पाहून घेऊ."

डिंपलनं झाडू खाली घेतला, बादली उचलली आणि अंगण धुवायला घेतलं.

संध्याकाळी ड्युटीवरून आलेल्या काकांनी तिच्या जाहिरातीखाली लिहिलं:


"काम एक नंबर. फक्त देवघरातलं जाळं काढायचं विसरल्या."