दलालाचा दुपट्टा

मुकुंदभाऊ समोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि प्रतिभाताईंनी हातातले कागद उगाच सारखे केले.

सौंसरच्या विश्रामगृहात संसदेच्या समितीची बैठक भरली होती. जे निवडून येत नाहीत, सरकारी नोकरही नसतात, पण ज्यांचा शब्द थेट मंत्र्यांच्या कानात पडतो, अशा सल्लागारांचे स्वतःचे धंदे काय आहेत, हे ही समिती गावोगाव फिरून तपासत होती. प्रतिभाताई सासरच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या खासदार आणि समितीच्या अध्यक्षा. मुकुंदभाऊ सरकारचे संत्र्याचे सल्लागार, आणि ताईंचे सख्खे मोठे भाऊ. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे टेबलाभोवती बसलेल्या कोणालाच हे ठाऊक नव्हतं. बिनपगारी सल्लागार, त्याला विचारायचं तरी काय, लगेच आटपेल, असं ताईंनी धरलं होतं. चुकलंच त्यांचं.

सकाळी बाकीचे सदस्य जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले आणि ताई रामाकोन्याला माहेरी. आता इतक्या जवळ येऊन माहेरी डोकावलं नाही तर गाव काय म्हणेल? लीलावहिनींनी पुरणपोळी केली, वर तुपाची धार सोडली, ओटी भरली. मग मोठ्या हौसेनं घरामागं नेलं. तिथं हिरव्या जाळीखाली संत्र्याच्या कलमांच्या रांगाच रांगा. नर्सरी कागदावर वहिनींच्या भावाची, पण खरी मुकुंदभाऊंची. नव्या बगीच्याला सरकारी अनुदान पाहिजे तर अमुक जातीचीच कलमं लावा, असा सल्ला भाऊंनीच सरकारला दिला होता. आणि ती कलमं पंचक्रोशीत फक्त इथंच मिळत होती. वहिनी हे सगळं कौतुकानं सांगत होत्या. बिचारीला त्यात वावगं काही दिसतच नव्हतं. भाऊ मात्र गालातल्या गालात हसले.

"समोर बहीणच बसून राहिली, तर मले भेव कायचं?"

आताही ते तसेच हसत बसले होते. खांद्यावर बाबांचा जुना, काठ विरलेला दुपट्टा. बाबा म्हणजे देवीदास, सौंसरच्या बैलबाजारातले दलाल. आधी विकणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली धरायचे, मग घेणाऱ्याचा. बोटांवर भाव ठरायचा, आणि त्यांनी जुळवलेल्या भावावर कोणी हूं की चूं करत नसे. पण घरचा बैल विकायला काढला, की त्या दिवशी बाबा दुपट्टा खांद्यावरून उतरवून सगळ्यांदेखत बाभळीच्या फांदीला अडकवून ठेवायचे. आज जनावर माझं आहे, आज माझा शब्द दलालाचा धरू नका, एवढाच त्याचा अर्थ. बहीणभाऊ दोघंही हे पाहत मोठे झाले. पुढं मात्र दोघांनाही त्या धंद्याची लाज वाटायला लागली. निवडणुकीत विरोधक "दलालाची पोरगी" म्हणून हिणवायचे, तेव्हा ताई घरी येऊन रडायच्या. भाऊ तर साफच लपवायचे. दुपट्टा वापरायचे, पण कोणी विचारलं तर सांगायचे, बाबा कास्तकार होते.

सचिवांनी खूण केली. पहिला प्रश्न अध्यक्षांचा.  विचारावं तर माहेर तुटतं. न विचारावं तर रामाकोन्याचे लोक भाऊंच्या दारातूनच कलमं घेत राहणार, आणि ही सगळी समिती म्हणजे नुसती सहल ठरणार. आणि विचारलं, तरी बहिणीनं केलेली चौकशी खरी कोण धरणार? सकाळची पुरणपोळी अजून पोटात होती.

ताई उठल्या. खुर्ची मागं सरकवली.

"हे माझे सख्खे भाऊ आहेत. आज सकाळी मी यांच्याकडे जेवून आले. यांची चौकशी माझ्या हातून व्हायला नको. सौरभजी, तुम्ही या खुर्चीत बसा. आणि यांना धंद्याचं विचाराच. उत्तर मला माहीत आहे, पण ते यांच्या तोंडून यावं."

एवढं बोलून त्या पार मागं, भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसल्या. खोलीत कुजबुज झाली आणि विरली. भाऊंचं हसू मावळलं. चेहरा आधी लालबुंद झाला, मग उतरला. त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं. ताईंनी नजर खाली घातली नाही. संपलं, आता वहिनी ओटी भरणार नाही, भाऊबीजेला भाऊ फोन उचलणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

सौरभजी अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. समितीतले नवखे खासदार, जरा अवघडलेच. संत्र्याच्या कलमांशी आपला काही व्यवहार आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं.

 कागदावर भाऊंच्या साळ्याचं नाव होतंच. नाही म्हणायला जीभ तेवढी हलवायची होती. मग त्यांचा हात खांद्याकडे गेला. त्यांनी दुपट्टा उतरवला, सावकाश झटकला आणि उठून खिडकीच्या गजाला अडकवला. सचिवांना वाटलं, साहेबांना उकडून राहिलं. त्यांनी पंखा वाढवला. मागं बसलेल्या ताईंनी मात्र पदर तोंडाशी धरला.

भाऊ परत येऊन बसले. इतका वेळ सगळ्यांशी हिंदीत बोलणारा माणूस घरच्या बोलीवर आला.

"लिहून घ्या साहेब. नर्सरी माझीच आहे, नाव फक्त साळ्याचं." मग त्यांनी मागच्या खुर्चीकडे बोट केलं. "अन् हेही लिहा. ते तिथं जाऊन बसली ना, ते देवीदास दलालाची पोरगी आहे."