मयताचं गाणं

माझी विद्यार्थिनी यिसेल, हिची आई अत्रातो नदीकाठच्या गावात मयताची गाणी म्हणायची. दोन वर्षं मी यिसेलच्या मागे टुमणं लावलं होतं, "त्या गाण्यांवर नुसतं लिहून काय होतंय? आईचं एक गाणं रेकॉर्ड करून आण." दर सुट्टीनंतर ती हात हलवत परत यायची. "आई म्हणते, कुणी गेल्याशिवाय ते गाणं म्हणायचं नसतं. तुझ्या सरांना म्हणावं, थांबा जरा."

काल विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत मात्र तिने गाणं ऐकवलं. चार-पाच बायकांचे आवाज होते. मी खूश होऊन विचारलं, "पटवलंस की शेवटी आईला. यातला तिचा आवाज कुठला?"

यिसेलने लॅपटॉप मिटला.

"यात ती नाहीये, सर. हे तिच्यासाठी म्हटलंय."