सव्वा मूठ

"वाल्मिकना बापनी सव्वा मूठ," मालतीबाई म्हणाली आणि सुपातले गहू परातीत टाकले. "वाल्मिकनी सव्वा मूठ." मग हात झटकून तिनं जातं पुढं ओढलं.

समोर बसलेली पोरगी टेप बंद करीना. "बस, काकी? दोनच?"

"दोनच. घरात पुरुष जितके, तितक्या मुठी."

पोरगी सुरतचीच, गुजरातण. जुनी गाणी नि सणासुदीचं खाणंपिणं टेपात भरून घेत ती महिनाभर गोडादऱ्यात दारोदार हिंडत होती. शेजारच्या सखुबाईची गाणी भरून झाली, तशी सखुबाईच तिला इथं सोडून गेली होती. उद्या घरात कानबाई देवी बसायची, आज तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण, म्हणजे पोरीला आयतंच सापडलं. आणि प्रश्न तरी किती विचारावेत एका माणसानं! रोट बाहेरच्याला का देत नाहीत? घरच्या लेकीलाही नाही? मालतीबाई सांगत होती. लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची, तिला नाही. सुनेला चालतो. आणि केलेले रोट पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे, तुकडासुद्धा उरू द्यायचा नाही.

"आणि एखाद्याची मूठ घ्यायची राहिली तर?"

मालतीबाईचा हात खुंट्यावर थांबला. "जित्या माणसाची राहत नाही, बाई. मेला त्याचीच थांबते."

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. थोरला लेक लखन काही मेला नव्हता. प्लेगच्या साली अर्धी सुरत जीव मुठीत धरून गावाकडं पळाली. तिच्या नवऱ्यानं, भिकननंही बायकोपोरांना धुळ्याच्या गाडीत कोंबलं. लखन मात्र स्टेशनातूनच मागं फिरला. सगळं शांत झाल्यावर हे परत येतात, तर पठ्ठ्यानं इथल्याच एका पोरीशी लग्न लावून पलसाण्याला बिऱ्हाड थाटलेलं. ना जात बघितली, ना बापाला विचारलं. भिकन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. पुढच्या कानबाईला दळणाच्या वेळी एवढंच म्हणाला, "त्यानी मूठ लेवानी नही."

त्यानंतर मालतीबाई दोनच मुठी घेत आली. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, थोरल्या लेकाच्या नावानं त्याला ओळखते. 'लखनना बाप' म्हणायची जन्माची सवय, तीही तिनं मोडली. जित्या लेकाच्या नावानं दर साली पाणी सोडायचं आणि वर सण साजरा करायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

"गाणं म्हणा ना, काकी," पोरगी म्हणाली.

जात्यात पहिला घास घालण्याआधीचं गाणं होतं. मालतीबाईनं डोळे मिटले.

"मन्ही कानबाई उनी वं, तापी उतरीसन उनी..."

तिनं डोळे उघडले तेव्हा पोरीचे ओठ हलत होते.

"तुले अहिरानी येस?"

"थोडी थोडी. घरात ऐकते."

"कोणाच्या घरात?"

पोरीनं खाली बघून टेप उगीच इकडची तिकडं केली. तेवढ्यात वाल्मिक बादली घेऊन मधून गेला, तिनं मानही वर केली नाही. मागोमाग पाळी संपवून भिकन लूमच्या खात्यातून आला. केसांत, भुवयांत कापसाची भुकटी. उंबऱ्याबाहेर त्यानं चपला काढल्या.

पोरगी ताडकन उठली. ओढणी कपाळाखाली ओढली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

उठल्यावर तिचं तिलाच कळलं असावं. पण आता काय उपयोग? सकाळपासून गल्लीतले सतरा बाप्ये दारावरून गेले, पोरीनं कुणापुढं डोकं झाकलं नव्हतं. परक्या माणसाची अशी लाज कोणी धरत नाही. ती धरायची फक्त सासऱ्याची.

मालतीबाईला उमगलं, ही लखनची बायको. आपली सून. आपल्याच घरात पाहुणी म्हणून आलेली, लाकडी पाटावर अंग चोरून बसलेली. आणि मध्ये ती टेप, अजून फिरतेच आहे. संध्याकाळी पलसाण्याला लखन ती ऐकणार. आई दोन मुठी घेते आणि हात झटकते, हे ऐकणार. मेला त्याचीच थांबते, हेही ऐकणार, आणि तेही आईच्याच तोंडून.

तिनं परात उचलली आणि गहू पुन्हा सुपात ओतले. भिकन दारातून बघत होता. बघू दे. उद्या देवी घरात यायची आहे, तिच्यापुढं खोटी मूठ चालणार नाही.

"लखनना बापनी सव्वा मूठ," ती म्हणाली. "लखननी सव्वा मूठ. वाल्मिकनी सव्वा मूठ."

भिकन उंबऱ्यात तसाच उभा होता. त्यानं परातीकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्या पोरीकडं. मग हळूहळू आत आला आणि टेपसमोर उकिडवा बसला.

"हाई चालू शे?" त्यानं विचारलं.

ओढणीआडून मान हलली.

जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला माणूस, त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसा तो टेपवर वाकून ओरडला, "लखन! रोट पुनवना आत सराले जोयजेत. तुन्हा वाटाना कोन खाई?"