लुंबिनीचा ठोका

या, जरा जवळ सरका, एक गंमत सांगते. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती, तरी आम्हा लातूरकरांची धास्ती गेली नव्हती. शेजारच्या निवृत्तीभाऊंनी लेकीला, लुंबिनीला, डॉक्टर व्हायला क्लास लावला. ती क्लास सोडून मुंबईला ड्रम शिकायला गेली, तेव्हापासून भाऊंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढं लातुरातच तिच्या बँडचा जॅझचा कार्यक्रम लागला. मी भाऊंना बळंच नेलं. म्हटलं, "मलाबी कीर्तनापलीकडं काही कळत न्हाई, पण लेक तर आपली हाय!"

"दहाच मिनिटं बसीन वहिनी, मग मी चाललो," भाऊ म्हणाले.

पहिल्याच गाण्याला लुंबिनीनं असा ठोका धरला, की टाळ-मृदंगात मुरलेल्या माझ्या कानांनीही दाद दिली. खुर्च्या थरथरल्या, खिडक्यांच्या काचा वाजल्या आणि कुणीतरी ओरडलं, "भूकंप! भाईर पळा!" अख्खं सभागृह मैदानात. मी तर सगळ्यांच्या पुढं, एक चप्पल आतच राहिली.

बाहेर बघते तर भाऊ कुठंच नाहीत. मी जीव मुठीत धरून दारापर्यंत परत गेले. भाऊ रिकाम्या खुर्च्यांत एकटेच बसलेले, डोळे अजून वाजवत असलेल्या लेकीवर.

"अहो भाऊ, उठा की! भूकंप हाय!"


"कशाचा भूकंप? आमची लुंबिनी वाजवायलीय. गप बसा वहिनी, ऐकू द्या!"

कुठं असा दणका कानावर आला, तर आमच्या निवृत्तीभाऊंची आठवण काढा बरं का.