मच्छरदाणीतला प्रेक्षक

हिंदुरावांनी लेकीचा एकही कबड्डीचा सामना चुकवला नव्हता. आज तर जिल्ह्याची अंतिम फेरी होती. डेंग्यूच्या तापाने अंग फणफणलं होतं, तरी ते मच्छरदाणीतून उठून चपला शोधू लागले.

बुटांच्या नाड्या बांधता बांधता शर्वरी म्हणाली, "आबा, मैदानात डास तुम्हाला चावला, तर तोच पुढे दुसऱ्यांना ताप देईल. गावात आधीच चौदा जण आजारी आहेत."

ते परत मच्छरदाणीत शिरून आडवे झाले.

दुपारी शेजारच्या ताराबाईंनी मैदानातून फोन लावून धरला. शेवटच्या चढाईला एवढा गलका झाला, की कोण जिंकलं तेच कळेना. हिंदुराव उठून बसले.

तेवढ्यात शर्वरीचाच आवाज आला, धापा टाकत.

"आबा, जिंकलो आम्ही! ताप किती आहे आता?"