पाण्यातला खुंटा

"पकड ना नीट! सारं सिमेंट सांडून राह्यलं!" बापूराव ओरडला.

प्रभाकररावानं ट्रॅक्टरच्या जुन्या टायरची कड सावरली. तो गावचा पोलीस पाटील आणि बापूरावचा लहानपणापासूनचा सोबती. पण आज त्याच्याशीही बापूराव धड बोलत नव्हता. डोकंच फिरलं होतं त्याचं.

रोज सकाळी तेच. उजाडलं की बापूराव टोपली घेऊन तलावावर यायचा, आणि काठावर त्याची छोटी नाव, डोंगा, नसायचा. डोंगा पलीकडे, भैयाजीच्या वावराखाली, बाभळीला बांधलेला. मग शिव्या घालत तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, अख्खा वळसा मारायचा. तोवर ऊन चढायचं, रात्री लावलेल्या जाळ्यात मासोळ्या मरून जायच्या, आणि सेलूच्या बाजारात त्यांना कुत्रं विचारायचं नाही. अरे, घर चालत होतं त्या डोंग्यावर! दुसरं होतं काय त्याच्याजवळ?

बरं, चोरानं कधी जाळं नेलं नाही, वल्हं नेलं नाही. बांधायचा तोही नीट गाठ मारून. याचाच बापूरावला जास्त संताप यायचा.

"चिडवून राह्यला तो मले. रात्री पाळीवरून इकडं फिराले येते, अन् माह्या डोंग्यात बसून घरी जाते. राजाच लागून गेला!"

"पण भैयाजीच कशावरून?"

"पलीकडं दुसरं कोन राह्यते? माहं जाळं त्याच्या पान्याच्या मोटारीत फाटलं, तवापासून तोंड पाहात नाई आम्ही एकमेकाचं."

"रविवारी मात्र डोंगा जागेवर असते म्हनतोस."

"रविवारी तो लेकीकडं जाते सेलूले. तू पाटील हायेस का त्याचा वकील?"

प्रभाकररावानं पुन्हा टायर सावरला.

सिमेंट पक्कं झाल्यावर दोघांनी तो टायर डोंग्यात घालून कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडला. टायरच्या सिमेंटात बसवलेल्या कडीला आखूड दोर, दोराला तरंगता निळा डबा, डब्याला डोंगा. बघणाऱ्यानं म्हणावं, बापूरावनं पाण्यात खुंटा रोवला. खरी गंमत खाली होती. डोंग्याच्या बुडाला, पाण्याखाली, आणखी एक कडी होती. तिच्यात कुलूप घालून त्यानं नायलॉनचा लांबच लांब दोर अडकवला आणि त्याचं दुसरं टोक टायरला बांधून दोर तळाशी सोडून दिला. चोर वरची गाठ सोडणार, वल्हं मारत निघणार, आणि तलावाच्या ऐन मधात दोर संपला की जागच्या जागी अडकणार. ना इकडे, ना तिकडे.

"खालच्या दोराचं कोनाले बोलजो नको," बापूराव म्हणाला. "घरीबी मी सांगनार नाई."

"अन् सापडला तर?"

"साऱ्या गावापुढं पाळीवर उभा करतो अन् जोड्यानं हानतो. मंग तू त्याले ठाण्यात ने. कबूल कर, मधात पडनार नाईस."

"नाई पडत बाप्पा."

संध्याकाळी सरितानं नवऱ्याला भाकर वाढली. "लावला का खुंटा?"

"लावला."

"मंग आता कोनाले सोडता येनार नाई डोंगा?"

"कमरेएवढं पानी हाय. हिंमत असन त्यानं सोडावा." बापूराव हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

शेजारी लेक मयुरी मान खाली घालून जेवत होती. गावात येणारी सकाळची बस बंद झाली आणि तिचं सेलूचं कॉलेज बंद पडलं. बापूराव डेपोत जाऊन भांडला, साहेबाच्या टेबलावर हात आपटला, कोणी दाद दिली नाही. शेवटी घरी येऊन त्यानं पोरीवरच राग काढला, "जाऊ दे ते कॉलेज, शिवणक्लास लाव." तेव्हापासून ती सकाळीच मैत्रिणीकडे जाते म्हणून निघायची आणि दोघींनी मिळून क्लास केला म्हणत संध्याकाळी यायची. बापाशी कामापुरतं बोलायची. तिचं हे फुगलेलं तोंड पाहिलं की बापूरावच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं गावभर बोंब ठोकली. "सापडला! चला, पाहा चोर!"

अर्धं गाव पाळीवर जमलं. तलावावर धुकं होतं. मधात डोंगा दिसत होता, आणि डोंग्यात शाल पांघरलेलं कोणीतरी. वल्हं पाण्यात सपासप पडत होतं, डोंगा मात्र हलायला तयार नव्हता. लोक हसू लागले. ऋतिक नावाच्या एका पोरानं शूटिंग करायला मोबाईल काढला.

"मार वल्हं! मार ना, भैयाज्या!" बापूराव पाळीवरून ओरडला. "मासोळ्या सडवल्या माह्या! पोटावर पाय देतोस काय रे गरिबाच्या!"

"बापूराव."

आवाज मागून आला. भैयाजी पाळीवर उभा होता, पलीकडून पळत आल्यानं धापा टाकत.

बापूरावनं त्याच्याकडे पाहिलं, डोंग्याकडे पाहिलं. मग आणखीच भडकला. "मंग तुहा पोरगा असन तो!"

"माहा पोरगा घरी झोपून हाय," भैयाजी हळू आवाजात म्हणाला. "या लोकायले घरी पाठव. मंग तू एकटा जाय तिथं."

"काऊन? चोराची अब्रू झाकू का मी? सारं गाव पाहीन! ए पाटील, सांग याले!"

प्रभाकरराव डोंग्याकडे एकटक पाहत होता.

धुकं विरळ झालं. पलीकडच्या सडकेवर हॉर्न वाजला. तशी डोंग्यातली ती व्यक्ती ताडकन उभी राहिली. शाल खाली पडली. कमरेपर्यंत भिजलेली सलवार, छातीशी धरलेली बॅग. आणि बापापेक्षाही मोठ्या आवाजात, बापापेक्षाही जास्त रागानं ती ओरडली,

"बाबा! सोडा ना तो दोर! बस येऊन राह्यली, आज शेवटचा पेपर हाय माहा!"