कालचा आकडा

पडद्यावरच्या दहा लाख नोंदींच्या आकड्यासाठी टाळ्या सुरू असतानाच वृंदा उठली आणि फोनवर आलेली एका बाईंची तक्रार मोठ्याने वाचू लागली. "पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. माझं नाव काढा म्हणून तुम्हाला तीनदा कळवलं. तरी काल तुमचा मेसेज आला, बाळ आता रांगायला लागलं असेल म्हणून."

टाळ्या विरल्या. गर्भवतींसाठी ॲप चालवणाऱ्या या कंपनीत कुठली माहिती कुठे आणि कशी साठवायची, हे वृंदाच ठरवायची. कुणी नाव काढा म्हटलं तरी नोंद पुसायची नाही, तिच्यापुढे नुसती 'रद्द'ची खूण करायची, हे शहाणपणही तिचंच. मेसेज पाठवणाऱ्या नव्या टीमला त्या खुणेचा पत्ताच नव्हता.

"टीमला समज देऊ," कंपनीचे प्रमुख राजाध्यक्ष सर म्हणाले. "नोंदी मात्र राहू देत. पुढच्या आठवड्यात गुंतवणूकदार येतायत. आकडा खाली आलेला चालणार नाही."

"आलाय, सर. पडद्यावरचा कालचा आहे. रद्दची खूण असलेल्या सगळ्या नोंदी मी आज सकाळी पुसल्या. ऐंशी हजार होत्या."

"बॅकअपमधून परत आण."

"तिथूनही पुसल्या."

सर खुर्चीतून उठलेच. "कुणाला विचारून?"

वृंदाने लॅपटॉप मिटला. नोकरी गेली तर गेली, हे ती घरी सांगूनच आली होती.

"विचारावं लागलं नाही, सर. ऐंशी हजार जणींनी आधीच सांगितलं होतं. या बाईंनी तर तीनदा."